वारसाचा कागद आणि बहिणीचा वांटा

एका उपदेशक बंधूंनीं गेल्या महिन्यांत मजकडे एक प्रश्न लिहून पाठविला. त्यांच्या पत्राचा आशय असा: वय साठीच्या पुढें गेलें आहे, चार एकर जिराईत जमीन व राहतें घर आहे, दोघे मुलगे आहेत, हयातींतच सर्व त्यांच्या नांवें करून मोकळें व्हावें असा विचार आहे. तालुक्याच्या वकिलांनीं असा कागद सुचविला आहे कीं, त्यानें सरकारचें देणें अगदीं नाममात्र पडतें. "पण," ते विचारतात, "सरकारचें देणें बुडवूं नका असें आम्ही मंडळीला शिकवितों. मग आपल्या पोरांसाठीं तेंच देणें कमी करण्याची वाट आम्हीच शोधली, तर तें ढोंग होणार नाहीं काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे, आणि तो एकट्या त्यांचा नाहीं. नवापुरापासून अक्राणीपर्यंत ज्या ज्या गांवीं मी उपासनेस जातों, तेथें उपासना आटोपल्यावर झाडाखालीं हींच बोलणीं निघतात: सातबारा कोणाच्या नांवें, कागदाला खर्च किती, साक्षीला कोण. म्हणून उत्तर खासगी पत्रानें न देतां येथें देतों.

प्रथम एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. बाप वारला म्हणजे त्याच्या मालमत्तेंतून सरकार आपला हिस्सा कापून घेतें असें पुष्कळांस वाटतें. आज आपल्या देशांत असा कर नाहीं. पूर्वीं होता. १५ ऑक्टोबर १९५३ पासून इस्टेट ड्यूटी ह्या नांवाचा मृत्युकर लागू झाला. त्या वेळीं देशाचे अर्थमंत्री आपले महाराष्ट्रीय चिंतामणराव देशमुख हे होते. मोठी संपत्ति पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या घरांत सांचत राहूं नये, तिचा कांहीं अंश लोककार्यास लागावा, हा त्यामागील हेतु होता, आणि हेतु वाईट नव्हता. आरंभीं साधारणतः एक लाख रुपयांपर्यंतच्या मालमत्तेस माफी होती. पुढें सर्वांत वरच्या थरावर कराचा दर शेकडा ८५ पर्यंत चढला. तेव्हां श्रीमंतांनीं आपल्या वाटा शोधल्या. मृत्यूपूर्वीं दोन वर्षांच्या आंत दिलेलें दान मालमत्तेंतच धरलें जाई, म्हणून कोणी त्याच्या बरेंच आधीं दान करी. कोणी एकत्र कुटुंबाच्या वांटण्या करी. कोणी विश्वस्तनिधि स्थापी. अखेर १६ मार्च १९८५ पासून पुढें होणाऱ्या मृत्यूंकरितां हा कर रद्द झाला. त्या वेळचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह ह्यांनीं कारण असें दिलें कीं, ह्या करापासून वर्षाला सुमारें वीस कोटी रुपयेच मिळतात आणि तो वसूल करण्याचा खटाटोप फार आहे. विलायतेंत असा कर अजून आहे. तेथें ठराविक मर्यादेपलीकडील मालमत्तेवर शेकडा ४० द्यावे लागतात, आणि देणारा दान केल्यानंतर सात वर्षें जगला तर तें दान करांतून सुटतें. त्यामुळें तिकडे म्हातारीं माणसें वर्षें मोजीत असतात असें म्हणतात.

आपल्या खेड्यांस ह्या मृत्युकराचा वाराही लागला नाहीं. ज्याचें सारें शेत व गुरें मिळून लाखाच्या पासंगास लागत नव्हतीं, त्याला कोण विचारतो? आपल्याला जें देणें पडतें तें निराळें आहे. तें मुद्रांकाचें व नोंदणीचें. जमीन विकली तर बाजारमूल्याच्या शेकडा हिशोबानें मुद्रांक लागतो. पण घरच्या माणसास दिली तर सरकारनें सूट ठेविली आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं असें ठरविलें कीं, राहतें घर किंवा शेतजमीन पति, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडें किंवा मृत मुलाची पत्नी ह्यांस बक्षीसपत्रानें दिल्यास मुद्रांक अवघा दोनशे रुपये. वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क भावाबहिणींनीं एकमेकांच्या लाभांत सोडल्यास त्या हक्कसोडपत्रालाही असाच लहानसा मुद्रांक. तो पूर्वीं दोनशे होता, ऑक्टोबर २०२४ पासून पांचशे झाला. शेतजमिनीच्या वांटणीपत्रावरील नोंदणीची फी २०२५ सालीं माफ झाली. मृत्युपत्राला तर मुद्रांकच नाहीं. साध्या कागदावर लिहावें, दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, त्यांनींही सह्या कराव्या. नोंदणी केली तर बरें, पण तिची सक्ति नाहीं. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला न्यायालयाचें प्रमाणपत्र, म्हणजे प्रोबेट, घेतलेंच पाहिजे अशी जी अट पूर्वीं कांहीं ठिकाणीं आडवी येई, तीही २००२ च्या दुरुस्तीनें गेली.

तर मग ह्या वाटांनीं जाणें पाप आहे काय? माझें उत्तर, नाहीं. सरकारनें हीं दारें चुकून उघडीं ठेविलेलीं नाहींत. कागदाचा खर्च जड असला म्हणजे गरीब माणूस कागदच करीत नाहीं. मग मेलेल्या आजोबाचें नांव उताऱ्यावर तसेंच राहतें, पीककर्ज अडतें, गारपिटीची भरपाई कोणाच्या खात्यांत घालावी हें तलाठ्याला कळत नाहीं. लोकांनीं कागद करावा म्हणूनच तो स्वस्त केला आहे. पूर्वीं शहरांच्या वेशीवर जकातनाके असत. समजा, एखाद्या नाक्यावर गाडीच्या मालाला जकात आणि डोक्यावरच्या पाटीला माफी असा नियम आहे. तर आपला माल पाटींत घालून डोक्यावरून नेणारा चोर नव्हे. गाडींत कडब्याखालीं गूळ लपवून नेणारा मात्र चोर आहे, मग गूळ पाटीभरच कां असेना. विक्री करून तिला बक्षीस म्हणणें, परक्याला पुतण्या दाखविणें, घेतलेल्या रकमेपेक्षां कमी रक्कम लिहिणें, हें सारें कडब्याखालचा गूळ होय. उपदेशक बंधूंनीं तसें कांहीं योजिलेलें नाहीं. सरकारपुरतें त्यांचें मन निर्धास्त असावें.

सरकारपुरतें, असें मीं म्हटलें. कारण त्या कागदांत दुसरें एक देणें असतें, आणि त्याची पावती कोणी मागत नाहीं.

आपणां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करतां पुरुष वारला तर त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश विधवेचा आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांचे; आणि त्यांत मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. केरळांतील त्रावणकोर भागांत निराळा जुना कायदा चालत असे; त्यानें मुलीला मुलाच्या वांट्याचा चौथा हिस्सा किंवा पांच हजार रुपये, ह्यांतील जें कमी तेवढेंच मिळे. मेरी रॉय ह्या बाईनें तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि १९८६ सालीं निकाल तिच्या बाजूनें लागला. आपल्याकडील गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. आपण बहुतेक भिल्ल, मावची, पावरा, वसावे. १९५६ चा हिंदु वारसा कायदा अनुसूचित जमातींस लागू नाहीं. तेथें कुळाची रूढि चालते. आणि ख्रिस्ती झालेल्या आदिवासीच्या बाबतींत रूढि कोठें संपते व १९२५ चा कायदा कोठें सुरू होतो, ह्यावर वाद होतच राहतात. रूढीचें म्हणणें एवढेंच कीं, जमीन मुलांची.

ह्या रूढीला मी सरसकट दुष्ट म्हणणार नाहीं. ती ज्यांनीं घातली ते आपल्या मुलींचे वैरी नव्हते. जमीन कुळांत व गांवांत राहावी, दूरच्या जावयाच्या हातून ती परक्याकडे जाऊं नये, ही काळजी तिच्यामागें होती. आणि तिच्या जोडीला दुसरी रूढि होती: बहीण विधवा झाली किंवा नवऱ्यानें टाकली, तर माहेरीं तिला चूल मांडूं द्यावयाची, कणगींतलें धान्य द्यावयाचें, तिचीं पोरें आपल्या पोरांबरोबर वाढवावयाचीं. जमिनीचा वांटा नाहीं, पण जमिनीवरच्या अन्नाचा वांटा होता. आतां पहिली रूढि आपण घट्ट धरली आहे, आणि दुसरी सैल सोडली आहे. भाऊ सुरतेस किंवा बारडोलीस ऊस तोडावयास जातो, वहिनीला स्वतःच्या पोरांचीच भ्रांत, तेथें नणंदेला कोण पोसणार? अर्धी रूढि ही रूढि नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें १७ जुलै २०२५ रोजीं छत्तीसगडांतील एका गोंड स्त्रीच्या वारसांच्या दाव्यांत असा निर्णय दिला आहे कीं, स्त्रीला वांटा नाहीं अशी रूढि आहे असें जो म्हणतो त्यानें ती पुराव्यानें सिद्ध करावी. ती सिद्ध होत नसेल तर केवळ स्त्री म्हणून तिला वगळणें समतेच्या तत्त्वाला सोडून आहे. तेव्हां "आमच्यांत असेंच चालतें" एवढें म्हणून इतःपर भागणार नाहीं.

म्हणूनच आतां कागद करण्याची घाई दिसते. बहिणीला हक्क नाहीं अशी खात्री असती, तर तिची सही कशाला घेतली असती? हक्क आहे हें मनांत कळतें, म्हणून तो सोडून घ्यावयाचा.

ह्या कागदांचे दोन प्रकार मीं पाहिले आहेत. ते दोन घरांच्या रूपानें मांडतों. गांवांचीं नांवें घेत नाहीं.

पहिल्या घरीं तिघे भाऊ व एक बहीण. बाप गेल्यावर भावांनीं जीप ठरविली, बहिणीला तिच्या सासरहून आणलें, दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नेलें. दारावर चहा व भजीं दिलीं. मग तिनें अंगठा दिला, यंत्रासमोर छबी काढून घेतली, आणि संध्याकाळीं एक लुगडें घेऊन ती परत गेली. कागदावर लिहिलें होतें कीं, आपण राजीखुषीनें, प्रेमापोटीं, कोणताही मोबदला न घेतां हक्क सोडीत आहों. त्यांतला मोबदल्याविषयींचा शब्द अक्षरशः खरा होता. मुद्रांकही बरोबर होता. सरकारची एक पैही बुडाली नाहीं.

दुसऱ्या घरीं एक भाऊ व एक बहीण. भावाला जमीन फोडावयाची नव्हती, पण बहिणीला रिकाम्या हातानें पाठविणेंही बरें वाटेना. त्यानें बैलजोडी विकली आणि आलेली सर्व रक्कम तिच्या पदरांत घातली. पुढील दोन वर्षें सुगीला धान्यही दिलें. कागदावर मात्र तेंच लिहिलें: कोणताही मोबदला न घेतां. पैशांचा उल्लेख केला तर मुद्रांकाचा प्रश्न निघेल अशी भीति त्याला लेखनिकानें घातली होती. तो भाऊ पुढें मजकडे आला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, मीं खोट्या कागदावर सही केली. प्रभुभोजन घेऊं काय?" पहिल्या घरचे तिघे भाऊ मजकडे कधीं आले नाहींत. ते दर महिन्यास प्रभुभोजन घेतात.

आतां ह्यांत मोठा अपराध कोणाचा? जुन्या गुरूंनीं आम्हांस सेमिनरींत शिकविलें कीं लबाडी ती लबाडी, तिला वजनाचा कांटा लावूं नये. तें खरें आहे, आणि त्या भावाला मीं तसेंच सांगितलें: जें खरोखर घडलें तें कागदावर यावें, वकिलाला विचारून दुरुस्तीपत्र करतां येईल तर करावें, आणि कांहीं मुद्रांक भरावा लागला तर कुरकुर न करतां भरावा. पण तो निघून गेल्यावर मी पुष्कळ वेळ बसून राहिलों. त्याचा कागद खोटा होता आणि हात खरे होते. तिघांचा कागद खरा होता, आणि त्या खऱ्या कागदानेंच काम केलें होतें. राजीखुषी म्हणजे काय? जीपमध्यें बसवून आणलेल्या, अक्षर न येणाऱ्या, उद्यां माहेरचें दार बंद होईल ह्या भयानें गप्प बसलेल्या बाईची राजीखुषी? कचेरींतला अधिकारी एवढेंच विचारूं शकतो कीं "तुम्हांला मान्य आहे ना?" आणि ती मान हलविते. कायद्याची दृष्टि तेथें संपते. आमची तेथें संपावी काय?

एक गोष्ट ह्या जिल्ह्यांत तरी विसरतां कामा नये. आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी तलवारीनें गेल्या नाहींत, कागदानें गेल्या. सावकारापुढें बसून, न वाचलेल्या मजकुराखालीं अंगठा उठला, आणि तापीकांठची काळी जमीन दुसऱ्याची झाली. तो कागदही पुष्कळदां कायदेशीरच असे; मुद्रांक असे, साक्षीदार असत. १९७० च्या सुमारास शहादा तालुक्यांत अंबरसिंग सुरतवंती ह्यांनीं, आणि पुढें श्रमिक संघटनेनें, ह्याच जमिनींसाठीं लोकांस उभें केलें. १९७४ सालच्या कायद्यांनीं गेलेल्या कांहीं जमिनी परत मिळण्याची वाट झाली आणि परवानगीवांचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास बंदी आली. जो अंगठा सावकारानें घेतला म्हणून आपण इतकी वर्षें रडलों, तोच अंगठा आज आपण बहिणीचा घेतों, आणि वर तिला लुगडें देतों.

हें मी दुसऱ्यांस बोलतों असें कोणी समजूं नये. २०१६ सालीं आमचे वडील वारले. एक एकर शेत व घर. मी शिकलेला, म्हणून हक्कसोडपत्राचा मसुदा मींच लिहिला, आणि सुवाच्य लिहिला. माझ्या धाकट्या बहिणीनें वाचून न पाहतां सही केली. "दादानें लिहिलें आहे" एवढेंच म्हणाली. दोनशे रुपयांत काम झालें ह्याचा मला आनंद झाला होता, हें मला स्पष्ट आठवतें. घरीं येऊन पत्नीला तो आंकडा मीं सांगितला होता. चार वर्षांनीं मेहुणे गेले, आणि बहीण दोन मुलींस घेऊन आमच्याकडे आली. आम्ही तिला मागची खोली दिली. कोणी तिला वाकडा शब्द बोललें नाहीं. एके सकाळीं मी ओट्यावर बसलों असतां ती आली आणि म्हणाली, "दादा, शेवग्याचा पाला थोडा तोडूं का? मुलींना भाजी होईल." तो शेवगा वडिलांनीं तिच्या जन्माच्या वर्षीं लाविला होता. मीं "तोड कीं" म्हटलें, आणि मग मला तेथें बसवेना.

वांटा परत द्यावयाचा असें ठरविल्यावर वकिलाकडे गेलों. तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट कळली. बाप मुलीला देईल तर दोनशेंत होतें. बहीण भावाला सोडील तर तेंही थोडक्यांत होतें. पण एकदां सोडलेला हक्क भावानें बहिणीला बक्षीसपत्रानें परत द्यावयाचा तर ती सूट नाहीं. बाजारमूल्याच्या शेकडा तीन मुद्रांक पडतो. घेतांना स्वस्त आणि देतांना महाग! वकिलानें, चांगल्या हेतूनेंच, सुचविलें कीं मृत्युपत्रानें द्या म्हणजे कांहींच खर्च नाहीं. मोह झाला. पण मृत्युपत्रानें द्यावयाचें म्हणजे मी मरेपर्यंत तिनें विचारूनच पाला तोडावयाचा. मुद्रांक भरला. वीस गुंठे तिच्या नांवें झाले. शुल्क कमी करण्याची जी वाट कायदेशीर असूनही मीं सोडली अशी ही एकच, आणि तेथें मला कळलें कीं वाट कायदेशीर आहे काय हा प्रश्न पुरेसा नाहीं. ती वाट कोणाच्या शेतांतून जाते हेंही विचारावें लागतें.

पवित्र शास्त्र वाचणारांस हें नवें नसावें. मोशेपुढें सलाफहादाच्या पांच मुली येऊन उभ्या राहिल्या, तेव्हां रूढि त्यांच्या विरुद्ध होती. मोशेनें रूढीचा हवाला देऊन त्यांस परत पाठविलें नाहीं, तो प्रश्न देवापुढें नेला, आणि निर्णय मुलींच्या बाजूनें झाला. (पुढें त्यांनीं आपल्याच वंशांत लग्नें करावीं असेंही ठरलें, म्हणजे जमीन बाहेर जाईल ही काळजी तेथेंही होतीच, आणि तिच्यावर उपाय मुलींस वगळून काढला नाहीं.) प्रभूनें परूश्यांस कुर्बानाबद्दल जें सुनावलें तें तर आमच्या प्रश्नाच्या अगदीं जवळचें आहे. आईबापांस जें द्यावयाचें तें देवाला वाहिलें असें म्हटलें कीं शास्त्र्यांच्या मतें माणूस मोकळा होई. सर्व नियमाला धरून, आणि म्हातारा बाप उपाशी. एका भावानें येऊन वतन वांटून देण्यास सांगितलें, तेव्हां प्रभु न्यायाधीश होऊन बसला नाहीं. त्यानें लोभापासून जपण्यास सांगितलें. आम्हां पाळकांनींही वांटणीचे हिशेब करीत बसूं नये असें मला वाटतें. पण लोभ कागदाच्या कोणत्या ओळींत बसला आहे तें दाखविणें आमचें काम आहे.

कुर्बानावरून आठवलें. कांहीं उपदेशक आजारी म्हाताऱ्यांस मंडळीच्या नांवें जमीन लिहून देण्यास सुचवितात. पूर्वीं कायद्याचें एक कलम ख्रिस्ती माणसास अडवीत असे: पुतण्या-भाची किंवा त्याहून जवळचें नातलग असेल, तर मृत्यूच्या निदान बारा महिने आधीं केलेल्या व मुदतींत कचेरींत ठेवलेल्या मृत्युपत्राखेरीज त्याला धर्मकार्यास मिळकत देतां येत नसे. २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम भेदभावाचें म्हणून रद्द केलें, आणि तें योग्यच झालें. पण मरणाऱ्याच्या उशाशीं बसून त्याच्या पोरांचा घास धर्माच्या नांवें काढून घेणारे असतात, ही जी भीति त्या कलमामागें होती, ती निराधार होती असें मी म्हणणार नाहीं. शिवाय आदिवासीची जमीन मंडळीच्या विश्वस्तसंस्थेला बक्षीस देण्यास वर सांगितलेली परवानगी लागते, हें अनेकांस ठाऊक नसतें. मंडळीला दान द्यावयाचें तर सुगीच्या पोत्यांतून द्यावें.

आतां उपदेशक बंधूंकडे परत येतों. बक्षीसपत्राची वाट त्यांच्यासाठीं स्वस्त आहे, पण तिची एक अडचण वकिलानें सांगितली कीं नाहीं कोण जाणे. बक्षीस एकदां दिलें कीं तें परत फिरविणें फार कठीण. चार एकर आज मुलांच्या नांवें झाले, तर उद्यां त्याच शेताच्या बांधावर ते पाहुणे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यान्वयें, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, मुलांनीं सांभाळलें नाहीं तर, रद्द करून घेतां येते. म्हणून द्यावयाचेंच तर ती अट कागदावर लिहावी. नाहींतर मृत्युपत्र करावें. त्याला मुद्रांक नाहीं, आणि शेत मरेपर्यंत आपलें राहतें. जो कागद करावयाचा तो आदल्या दिवशीं घरीं, मुद्रांक विकत घेण्याच्या आधीं, सर्व वारसांपुढें मोठ्यानें वाचावा, आणि मराठींतच नव्हे तर घरांत जी बोली असेल, मावची, पावरी, जी असेल, तींत समजावून सांगावा. ज्या बाईचा हक्क सुटणार आहे तिला एकटीला विचारावें, आणि उत्तराला महिनाभर वेळ द्यावा. कित्येक बहिणी खरोखरच मनापासून हक्क सोडतात. भाऊ गरीब, आपलें सासर सुखी, असें त्यांस दिसतें. त्यांचें तें दान आहे, आणि त्याला दान म्हणूनच मान मिळावा. आणि गांवोगांवच्या उपदेशकांस माझी एक विनंति आहे: जो कागद अशा रीतीनें वाचून दाखविलेला तुम्ही ऐकला नाहीं, त्यावर साक्षीदार म्हणून सही करूं नका. तुमच्या सहीमुळें त्या बाईला वाटतें कीं ह्यांत कांहीं वावगें नसेल.

हें उत्तर लिहितांना त्यांचें पत्र मीं पुन्हां वाचलें. दोघे मुलगे आहेत असें त्यांत आहे. माझ्या आठवणीप्रमाणें त्यांची एक मुलगीही आहे. सीमेपलीकडे उच्छलकडे दिलेली. तिच्या लग्नाला मी होतों. म्हणून उलट टपालीं मीं त्यांस एवढेंच विचारलें कीं, ती कशी आहे, आणि चार एकरांच्या ह्या बेताविषयीं तिला कोणी सांगितलें आहे काय. चार दिवसांपूर्वीं त्यांचा निरोप आला. अजून सांगितलें नाहीं. होळीला ती माहेरीं येणार आहे, तोंवर वकिलाला थांबावयास सांगितलें आहे.